तुळजापूरची वाट, पायातलं हाड आणि ‘हळूहळू चाला’ म्हणजे नक्की किती?

शेंगाचटणी | १९ जानेवारी, रात्री १०:४२

काल गड्ड्यात, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत, तीन तास फिरले. पाळणे, भांड्यांची दुकानं, नणंदेच्या पोरांचे हट्ट, सगळं झालं. घरी आल्यावर पाण्याचा तांब्यासुद्धा न घेता डावं पाऊल मांडीवर ओढलं आणि दुसऱ्या बोटाच्या मागे, पावलाच्या वरच्या बाजूला अंगठ्याने दाबून बघितलं. पेनाच्या टोपणाएवढी जागा आहे ती. ऑक्टोबरपासून तिथे बोट लावलं की जीव जायचा. काल काही नाही. म्हणून आज लिहायला बसले.

आमच्याकडे कोजागिरीला तुळजापूरला चालत जायची पद्धत आहे. बाहेरगावच्यांसाठी सांगते, सोलापूरहून साधारण ४५ किलोमीटर. रूपाभवानीला नारळ फोडायचा आणि रात्रभर चालायचं. लग्नाआधी मी दोनदा गेले होते, त्यानंतर वीस वर्षं नाही. आता वय ४४, शाळेत शिकवते. यंदा नवस होता म्हणून पितृपंधरवड्यातच सराव सुरू केला, रोज सकाळी आठ किलोमीटर. त्याआधी माझं चालणं म्हणजे वर्गातून स्टाफरूम आणि स्टाफरूममधून वर्ग. मग नवरात्र आलं. नऊ दिवस अनवाणी आणि नऊ दिवस उपास, सराव तसाच चालू. आणि वर कोजागिरी.

तामलवाडीच्या पुढे पाय ठणकायला लागला. सगळ्यांचेच ठणकत होते, त्यामुळे त्यात विशेष काही वाटलं नाही. घरी आल्यावर बाकीच्यांचे पाय दोन दिवसांत ताळ्यावर आले, माझ्या पावलावर मात्र सूज तशीच. एका दवाखान्यात एक्स-रे काढला, ‘हाड एकदम ठीक आहे, नस दबलीये’ म्हणाले. लावायला मलम आणि खायला गोळ्या. गोळी घेतली की दुखणं थांबायचं, थांबलं की मी शाळेत जिने चढायचे. मधे सासूबाईंच्या ओळखीच्या एका मालिशवाल्याकडेही जाऊन आले. त्याने नेमक्या त्याच जागेवर अंगठा दाबून ‘नस बसवली’. त्या रात्री झोपले नाही.

तिसऱ्या आठवड्यात दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी एक बोट ठेवलं, मी ओरडले, ते म्हणाले, ‘पुन्हा एक्स-रे काढू.’ या वेळी फोटोत त्या हाडाभोवती कापसाच्या बोळ्यासारखं धूसर काहीतरी दिसत होतं. हाड स्वतःला जोडायला लागलं होतं, त्यामुळे ते पकडलं गेलं. दुसऱ्या मेटाटार्सलचं, म्हणजे दुसऱ्या बोटामागच्या पावलातल्या लांब हाडाचं स्ट्रेस फ्रॅक्चर, पुन्हा पुन्हा भार पडून गेलेली चीर. बारीक चीर असेल तर पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेत दिसतच नाही पुष्कळदा. हे मला पहिल्याच दिवशी कोणी सांगितलं असतं तर.

उपाय काय, तर चार आठवडे वॉकर बूट (पाऊल-घोटा हलू न देणारा कडक बूट) ‘आणि मग हळूहळू चालायला लागा’. माझा घोटाळा या ‘हळूहळू’मध्ये झाला. बुटात तिसऱ्या आठवड्यापासून दुखणं शून्य. चार आठवडे झाले, बूट काढला, माळ्यावर टाकला, आणि तिसऱ्या दिवशी अक्कलकोटला पुतणीचं लग्न. दोन दिवस मांडवात अनवाणी, फरशीवर उभी. हळद, वरात, पाठवणी. परत येताना गाडीतच पाऊल बुटात मावेल की नाही अशी सूज. बूट पुन्हा माळ्यावरून खाली, आणखी दोन आठवडे.

त्यानंतर फिजिओकडे गेले आणि तिथे ‘हळूहळू’चा हिशोब कळला. तो पुढच्या प्रतिसादात लिहिते, कुकर लावायचाय.

---

कंबरतलाव | १९ जानेवारी, रात्री ११:०५

वाचतोय. लवकर लिहा. माझ्या बायकोचं हेच चाललंय बहुतेक.

---

शेंगाचटणी | २० जानेवारी, सकाळी ६:५०

तर हिशोब.

फिजिओबाईंनी आधी शिवणकामाची टेप काढली आणि दोन्ही पोटऱ्या मोजल्या. डावी दीड सेंटीमीटर बारीक. सहा-सात आठवड्यांत एवढी पोटरी गेली होती. म्हणाल्या, चालताना येणारा मार आधी पोटरी झेलते. ती थकली की उरलेला मार हाडाकडे जातो. तुमचं हाड जुळत आलंय, पण झेलणारी पोटरी राहिली नाही. लग्नात तेच झालं.

पहिला आठवडा: बूट एकदम काढायचा नाही. घरात दिवसातून एक तास बुटाशिवाय, तेही जाड तळव्याच्या चपलेत. दोन दिवस ठीक गेले की दोन तास, मग चार. बाहेर जाताना बूटच. शहाबादी फरशीवर अनवाणी पाय ठेवायचा नाही, देवघरातसुद्धा नाही. (सासूबाईंशी यावरून एक दिवस वाजलं. मग घरातली एक नवी चप्पल फक्त देवघरासाठी ठेवली.) बूट घातलेल्या पायाची उंची वाढते, त्यामुळे दुसऱ्या पायात पातळ स्लीपर असेल तर कंबर धरते. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, महिनाभर पाठ दुखत होती. उजव्या पायात जाड सोलचे बूट घातले आणि पाठ थांबली.

चालणं: दहा मिनिटांपासून. दर दोन-तीन दिवसांनी पाच मिनिटं वाढवायची, पण दोन अटींवर. चालताना त्या टोपणाएवढ्या जागेवर दुखायला नको आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दाबल्यावरही दुखायला नको. दुखलं तर एक दिवस सुट्टी आणि मग मागच्या पायरीवर. शाळेच्या जुन्या हजेरीच्या वहीत मी रोज लिहायचे: किती मिनिटं, रात्री किती, सकाळी किती. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एकदा २५ मिनिटांवरून पुन्हा १५वर आले. रडू आलं, पण आले.

व्यायाम: टॉवेल जमिनीवर पसरून बोटांनी गोळा करायचा. सोलापुरात टॉवेलला काय तोटा. चादर घेऊ नका, ती बोटांना ओढत नाही, मी करून बघितलंय. खुर्चीवर बसून टाचा उचलायच्या, मग गुडघ्यांवर वजन ठेवून. वजन म्हणून ज्वारीची पाच किलोची पिशवी, नंतर दहाची. त्यानंतर ओट्याला धरून उभ्याने, दोन्ही पायांवर. दूध तापेपर्यंत तेवढंच, कारण गॅससमोरून हलता येत नाही, त्यामुळे चुकायचंही नाही. एका पायावर टाच उचलणं जानेवारीत जमलं, पहिल्या दिवशी चार. आज अठरा. उजव्यावर पंचवीस होतात.

रक्त तपासलं तर व्हिटॅमिन डी ११. वीसच्या खाली म्हणजे कमतरता. उन्हाळ्यात ४३-४४ अंशाच्या गावात राहून! पण दहा ते पाच शाळेत, बाहेर पडताना स्कार्फ, हातमोजे. ऊन अंगाला लागतंच कुठे? आठवड्याला एक पुडी आठ आठवडे दिली.

---

माळढोक | २० जानेवारी, सकाळी ९:१५

धागा चांगला आहे पण एक शंका. लाखो लोक तुळजापूरला चालत जातात, कर्नाटकातून चार-चार दिवस चालत येतात. माझी आजी नव्वदीपर्यंत अनवाणी होती, रानात दिवसभर. तिच्या पायाला कधी काही झालं नाही. हे हल्ली सगळं निघालंय. बूट काढला की हाड मोडतं, ही बुटाचीच करणी नव्हे का?

---

अस्थिमज्जा | २० जानेवारी, दुपारी १:३०

माळढोक, हल्ली निघालेलं नाही. प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टराने १८५५ मध्ये कूच करणाऱ्या शिपायांची सुजलेली पावलं नोंदवून ठेवलीत. तेव्हा एक्स-रेच नव्हता, तो १८९५ मध्ये सापडला. १८९७ मध्ये फोटो काढल्यावर कळलं की ती सूज म्हणजे मेटाटार्सलला गेलेली चीर. त्यावरून याला अजून ‘मार्च फ्रॅक्चर’ म्हणतात.

तुमच्या आजींचं उत्तर तुमच्याच वाक्यात आहे, ‘रानात दिवसभर’. त्या चालायला लागल्या तेव्हापासून अनवाणी होत्या, हाडं तशीच घडत गेली. ताईंचं हाड स्टाफरूमच्या हिशोबाने घडलेलं. अनवाणी चालणं वाईट नाही. वीस वर्षांचं काम चार आठवड्यांत उरकायला गेलं की भारी पडतं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, माहेर बाळीवेस, सध्या पुण्यात. चार आठवडेच का, ते सांगते. हाडावर नेहमीपेक्षा जास्त भार आला की त्यात सूक्ष्म भेगा पडतात. शरीर ती जागा आधी खोदून काढतं आणि मग नवीन हाड भरतं. आपल्या गावातल्या रस्त्यांची कामं डोळ्यांसमोर आणा. खोदणारी टोळी तीन-चार आठवड्यांत आपलं काम उरकून पुढे जाते. भरणारी टोळी येते, थोडं टाकते, पक्कं व्हायला तीन महिने. मधल्या काळात तो रस्ता सगळ्यात कच्चा, आणि नेमकी तेव्हाच त्याच्यावरून यात्रा गेली. पितृपंधरवडा ते कोजागिरी मोजून बघा.

आणि दुसरंच मेटाटार्सल का, तर ते पाचांत सहसा सगळ्यात लांब आणि मागच्या बाजूला तीन हाडांच्या बेचक्यात पाचरीसारखं बसलेलं. शेजारची हाडं थोडी तरी हलतात, हे हलत नाही. चवड्यावर जोर आला की वाकतं तेच.

ताई, उपासाचं तुम्ही एका शब्दात उरकलंत. मी त्यावर जरा थांबेन. खाणं कमी आणि श्रम जास्त असले की शरीर काटकसर करतं, आणि काटकसरीत हाडाची दुरुस्ती सगळ्यात आधी मागे पडते. पोरींची तर पाळीच थांबते. ऑलिम्पिक समितीने २०१४ पासून खेळाडूंसाठी यावर वेगळं निवेदन काढलंय, पण हे खेळाडूंपुरतं नाही. रोज आठ किलोमीटर आणि वर साबुदाणा, हे गणित कोणाचंच जमत नाही. पाळीबद्दल इथे लिहू नका, पण डॉक्टरांना जरूर सांगा.

---

शेंगाचटणी | २० जानेवारी, दुपारी ४:२०

इथे लिहायला काय झालं, सगळ्यांनाच येते. दीड वर्षापासून मागेपुढे होतेय. हाडाशी त्याचा काही संबंध असेल असं डोक्यातही आलं नव्हतं. स्त्रीरोग तज्ज्ञांची वेळ घेतेच.

रस्त्यांचं उदाहरण नवऱ्याला वाचून दाखवलं. म्हणाला, तुझा पाय आपल्या गल्लीपेक्षा लवकर झाला.

---

होममैदान | २० जानेवारी, रात्री ९:००

वय ५८, बारा वर्षं पळतोय. माझं टाचेचं होतं. सकाळी टाच दुखते म्हटल्यावर सगळ्यांनी ‘टाचेचा काटा’ ठरवून टाकलं. सहा आठवडे बर्फाची बाटली तळव्याखाली फिरवली, गरम पाण्यात पाय बुडवला, मऊ जेलच्या टाचा घेतल्या. उपयोग शून्य. माझं दुखणं मुळात उलटं होतं. काटेवाल्यांना सकाळची पहिली पावलं जड जातात आणि मग सुटतं. मला दिवसभर वाढत जायचं, रात्री आडवं पडलं तरी ठणका. शेवटी एकाने टाच दोन्ही तळहातांच्या मधे धरून लिंबू पिळावं तशी दाबली. तिथेच निकाल लागला. एमआरआयमध्ये टाचेच्या हाडात सूज, चीर अजून पूर्ण नव्हती.

टाच तशी भली, लवकर भरते. सात आठवड्यांनी चालणं पूर्ववत झालं. पण पळण्याकडे परतताना जे केलं ते सांगतो, कारण पळणारे सगळे इथेच घाण करतात.

आधी ३० मिनिटं झपझप चालून काही होत नाही हे पाच-सहा दिवस लागोपाठ बघितलं. मग दिवसाआड, एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं आठ वेळा. ऐकायला हास्यास्पद वाटतं. माझ्यासारख्या हाफ मॅरेथॉनवाल्याला एक मिनिटात घड्याळाकडे बघायची लाज वाटायची, म्हणून मी पहाटे साडेपाचला, कोणी नसताना जायचो. पुढच्या आठवड्यात दोन मिनिटं पळणं, दोन चालणं. असं करत सलग अर्धा तास व्हायला आठ आठवडे लागले. तोपर्यंत वेग वाढवायचा नाही, चढ नाही. आधी अंतर, मग वेग. दोन्ही एकाच आठवड्यात कधीच नाही.

आणि पावलं मोजली. मिनिटाला १५८ पडत होती, लांब लांब ढांगा. ती १६८-१७० वर आणली, ढांग आपोआप आखूड झाली, पाय आपटायचा आवाजच कमी झाला. मोबाइलवर टिक-टिक लावून केलं. सुरुवातीला दम लागतो.

---

चादरवाला | २० जानेवारी, रात्री ९:४०

+१ होममैदान काका. माझ्या आईला ६१ व्या वर्षी असंच झालं, चालणं-पळणं काही नाही. आयुष्य टॉवेलच्या कारखान्यात शिलाई-घडीला उभं राहून गेलं, आता दम्याच्या स्टिरॉइडच्या गोळ्या चालू. उठून दारापर्यंत गेली आणि घोट्याच्या वर बाहेरच्या हाडाला चीर. हेही तेच का?

---

अस्थिमज्जा | २० जानेवारी, रात्री १०:१५

चादरवाला, नात्यातलं आहे पण सख्खं नाही. ताईंचं हाड चांगलं होतं, भार अचानक वाढला. तुमच्या आईंचा भार नेहमीचाच होता, हाड पोकळ झालं. त्यामुळे घोटा बरा झाला म्हणजे संपलं असं समजू नका. हाडांच्या घनतेची तपासणी करून घ्या आणि ठिसूळपणावर औषध सुरू करायचं का ते विचारा. स्टिरॉइड मनाने बंद करायचं नाही, हे ठळक अक्षरात. तंबाखू-मिशरी असेल तर तेवढी सुटली पाहिजे, हाड भरायला ती आडवी येते.

होममैदान, छान लिहिलंत. एकच भर. स्नायू-शिरांच्या दुखण्यात आम्ही ‘थोडं दुखलं तरी चालेल’ म्हणतो. हाडाच्या दुखण्यात ती सवलत नाही. त्या जागेवर दुखलं की थांबायचं. आणि डायक्लोफेनॅकसारखी दुखणं थांबवणारी गोळी घेऊन तर अजिबात व्यायाम करायचा नाही, कारण तुमचा एकमेव मोजमापक तीच गोळी बंद करते. हाड जुळायच्या काळात तसल्या गोळ्या एरवीही टाळलेल्या बऱ्या. फारच दुखलं तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल.

उड्यांचंही सांगते. हाड बळकट व्हायला त्याला थोडा दणका लागतो, नुसत्या सायकलने किंवा पोहण्याने दम टिकतो, हाड नाही. पण हाडाचे कान लवकर बसतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय की काही डझन दणक्यांनंतर त्याच्या पेशी प्रतिसाद देणं जवळजवळ थांबवतात आणि चार ते आठ तासांच्या विश्रांतीने पुन्हा ऐकू लागतात. म्हणून संध्याकाळी एकदम शंभर उड्या मारण्यापेक्षा सकाळी वीस, संध्याकाळी वीस. अर्थात हे सगळं चालणं बिनदुखीचं झाल्यावर, ताईंसारख्या एका पायावर वीस टाचा जमल्यावर.

---

कन्नाचौक | २१ जानेवारी, सकाळी ७:३०

वडील ६२, साखर पंधरा वर्षांपासून. आठवडाभर उजवं पाऊल सुजलंय, लालसर आणि गरम. दुखत मात्र फारसं नाही. एक्स-रेत काही नाही. इथलं वाचून वाटलं तेच असेल. टॉवेलचा व्यायाम सुरू करू का?

---

अस्थिमज्जा | २१ जानेवारी, सकाळी ७:४४

नाही! काहीही सुरू करू नका. चालवू नका, बाथरूमलासुद्धा खुर्चीवरून न्या आणि आजच दाखवा. साखरेच्या माणसाचं पाऊल गरम, सुजलेलं आणि न दुखणारं, हे वेगळं प्रकरण असू शकतं. त्याला शारको म्हणतात. संवेदना गेलेल्या असतात म्हणून दुखत नाही आणि माणूस चालत राहतो, आतली हाडं कोसळतात. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ असू शकतो. जंतुसंसर्ग किंवा रक्ताची गुठळीही असू शकते. ‘शारको आहे का’ हा प्रश्न तोंडाने विचारा.

---

कन्नाचौक | २१ जानेवारी, रात्री ८:५०

सिव्हिलला जाऊन आलो. दोन्ही पावलांना हात लावून डॉक्टर लगेच म्हणाले, चालायचं बंद. गुडघ्याखाली प्लास्टर घालणार आहेत, पायाचा भार पसरवणारं. वडील चिडलेत, ‘दुखत नाही तर प्लास्टर कशाला?’ धन्यवाद, मॅडम.

---

पळपुटा | २२ जानेवारी, रात्री ११:२०

नमस्कार. वय २०, पोलीस भरतीची तयारी करालोय. १६०० मीटरला ५:१० येतंय, पाचच्या आत आणायचंय. दोन महिने झाले उजव्या पायाच्या वरच्या बाजूला, घोट्याच्या पुढं दुखालंय. नेमकं कुठं ते सांगता येईना, आत कुठंतरी. पळताना दुखतंय, थांबलं की जातंय. एक्स-रे नॉर्मल. अकॅडमीतले सर म्हणाले मोच आहे, पट्टी बांध. ग्राउंडच्या आधी इंजेक्शन घेऊन पळालो दोनदा. ताईंसारखं चार आठवडे बूट घातला तर ग्राउंडपर्यंत होईल का बरं? सहा आठवडे आहेत माझ्याकडं.

---

अस्थिमज्जा | २३ जानेवारी, सकाळी ६:१०

अरे पळपुट्या, एक कर. खुर्चीवर बस. घोट्यापुढे पावलाच्या वर जो उंचवटा आहे, आतल्या बाजूचा, त्याच्या बरोबर मधोमध बोटाने दाब. मग त्या एका पायावर एकदाच उडी मार. दोन्हीला काय होतं ते लिही. उडी एकदाच.

---

पळपुटा | २३ जानेवारी, सकाळी ६:३२

दाबल्यावर डोळ्यात पाणी आलं. उडी मारता येईना.

---

अस्थिमज्जा | २३ जानेवारी, सकाळी ६:४५

मग पळणं आजपासून बंद, ग्राउंडची तारीख काहीही असो. हे नॅव्हिक्युलर नावाचं हाड असण्याची शंका आहे. मी इथून निदान करू शकत नाही, पण ही शंका आहे तोवर त्या पायावर भार द्यायचा नाही. कुबड्या घे. सिव्हिलमध्ये अस्थिरोग विभागात जा, ‘नॅव्हिक्युलर स्ट्रेस फ्रॅक्चरची शंका आहे, एमआरआय किंवा सीटी लागेल का’ असं कागदावर लिहून ने. साधा एक्स-रे यात हमखास फसवतो.

सगळ्यांसाठी: या धाग्यातला बूट-चार-आठवडे हिशोब सगळ्या हाडांना लावू नका. दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या मेटाटार्सलचा मधला भाग, टाच, नडगीशेजारचं बाहेरच्या बाजूचं हाड फिब्युला, ही गरीब हाडं, भार कमी केला की भरतात. नॅव्हिक्युलर, पाचव्या मेटाटार्सलचं बूड, दुसऱ्याचंही अगदी बूड, घोट्याचा आतला उंचवटा, घोट्यातलं हाड टॅलस आणि अंगठ्याखालच्या दोन मण्यांसारख्या हाडक्या, ही हट्टी. नॅव्हिक्युलरच्या मधल्या तिसऱ्या भागाला रक्तपुरवठाच तुटपुंजा आणि चालताना दोन्हीकडून तो चेपला जातो. तिथे चालत चालत बरं होण्याचा प्रयत्न केला तर चीर आरपार जाते आणि मग स्क्रू.

---

माळढोक | २३ जानेवारी, सकाळी १०:००

पोरा, जाऊन ये लवकर. खाण्याचं काय करतोस? अकॅडमीतली पोरं सकाळी उपाशीपोटी दहा किलोमीटर पळतात, पार्क स्टेडियमवर रोज बघतो.

---

पळपुटा | २३ जानेवारी, सकाळी १०:२५

रूमवर राहतो. सकाळी काही नाही. दुपारी मेस, भाकरी-पिठलं. रात्री कडक भाकरी, शेंगाचटणी. (ताईंचं नाव नाही घेतलं, खरंच तेच खातो.)

---

शेंगाचटणी | २३ जानेवारी, दुपारी ४:००

नाव घेतलंस तरी चालेल. पण बाळा, दूध-दही काहीच नाही? मीही याच समजात होते की भाकरी खाते म्हणजे हाडं भक्कम. ज्वारीत १०० ग्रॅममागे कॅल्शियम तीस मिलिग्रॅमच्या आत. नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. मोठ्या माणसाला दिवसाला हजार लागतं. आता मी ज्वारीत निम्मी नाचणी मिसळते. भाकरी काळपट होते आणि कडेला चिरते, थोडं कोमट पाणी जास्त घेतलं की जमते. सोबत तिळाची चटणी आणि दोन वाट्या दही. तुला मेसमध्ये नाचणी कोण देणार, पण अर्धा लिटर दूध आणि सकाळी पळायच्या आधी दोन केळी तरी. आता पळायचं नाहीच आहे म्हणा.

---

पळपुटा | २८ जानेवारी, रात्री ९:१५

सीटी झाला. नॅव्हिक्युलरच. चीर वरून निम्म्यापर्यंत गेलीय, आरपार नाही. सहा आठवडे प्लास्टर, पाय टेकवायचाच नाही. डॉक्टर म्हणाले अजून एक ग्राउंड इंजेक्शन घेऊन मारलं असतंस तर ऑपरेशन होतं. भरती गेली यंदाची. घरी अजून सांगितलं नाही.

---

होममैदान | २८ जानेवारी, रात्री ९:४०

घरी आजच सांग. प्लास्टर लपत नाही.

प्लास्टर असताना वरचा पाय, कंबर, पोट यांचे व्यायाम डॉक्टरांना विचारून चालू ठेव. मी टाच असताना खुर्चीवर बसून डंबेल मारायचो, त्याने डोकं ठिकाणावर राहिलं. आणि गोळाफेक बसून करता येतेच की, हाताची ताकद तेवढी वाढव.

---

अस्थिमज्जा | २९ जानेवारी, सकाळी ७:००

हेच सांगणार होते. पुढचं नीट ऐक. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं म्हणजे पळायची परवानगी नाही. त्या दिवशी डॉक्टर पुन्हा तिथेच मधोमध दाबतील. दुखलं तर अजून प्लास्टर, आणि त्यावर वाद घालायचा नाही. नाही दुखलं तर आधी चालणं, मग ताईंची ज्वारीची पिशवी, मग काकांचं एक मिनिट. सगळं धरून पूर्ण पळायला चार ते सहा महिने. तुझी पोटरी प्लास्टरच्या आधी मोजून ठेवली असती तर बरं झालं असतं, आता डाव्या पायाची मोज आणि लिहून ठेव.

---

कंबरतलाव | २९ जानेवारी, सकाळी ८:३०

वाचनखूण साठवली. बायकोचं मेटाटार्सलच निघालं, तिसरं. बूट आणला. दुसऱ्या पायात जाड सोल घालायचं लगेच सांगितलं, डॉक्टर म्हणाले तुम्हाला कोणी सांगितलं?

---

पळपुटा | १६ फेब्रुवारी, सायंकाळी ६:०५

तिसरा आठवडा. घरी सांगितलं. बाबा काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी गावाकडनं म्हशीचं दूध घेऊन रूमवर आले. आता आईच येऊन राहालीय.

एक विचारायचं होतं. कुबड्यांच्या खालचं रबर एका बाजूनं पार झिजलंय, फरशीवर काल घसरलो. पडलो नाही, पण पाय टेकणारच होता. नवीन कुबड्या घ्याव्या लागतील का?

---

शेंगाचटणी | १६ फेब्रुवारी, सायंकाळी ६:३०

अरे नाही, नुसतं रबर मिळतं. सर्जिकल सामानाच्या दुकानात जा, जाताना झिजलेलं काढून सोबत ने, दोन-तीन मापं असतात आणि सैल बसलं तर पुन्हा घसरशील. दोन्ही कुबड्यांची एकदमच बदल. आणि तू जाऊ नकोस, आईला पाठव.